चिंच, गिरणी, पार आणि म्हातारीचा ओटा

गावानं आमच्या ह्यांना दूध संस्थेचा संचालक म्हणून बिनविरोध निवडून दिलं, ते ह्यांच्या पोटरीत येणाऱ्या कळेमुळं. गावाला हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला ते सोलापूरच्या दवाखान्यात लोखंडी स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. कळलं तेव्हा मी इतकी सुन्न झाले की डॉक्टर पुढं काय म्हणाले ते मला दोनदा विचारावं लागलं. मी शाळेत मास्तरीण होते. एकदा सांगितलेलं ज्याला कळत नाही त्याला मी बाकावर उभं करायची.

पण असं मधूनच सांगून उपयोग नाही, पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. वस्ती आमची गावाच्या एका टोकाला आणि दूध संस्थेची खोली दुसऱ्या टोकाला, रस्त्यावर. मधे सगळं गाव. घरातून निघालं की पहिली वस्तीच्या तोंडाशी चिंच, मग पिठाची गिरणी, मग मारुतीचा पार, मग एका म्हातारीचा ओटा आणि मग डेअरी. आमची एक संकरित गाय होती. तिचं दूध किटलीत घेऊन हे सकाळ-संध्याकाळ ह्या वाटेनं जायचे आणि रिकामी किटली घेऊन परत यायचे. गेले की अर्ध्या तासात दारात. घड्याळ लावावं असं.

हे मुळात अबोल. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते, तिथं विडी लागली. सकाळी भाकरीचा चतकोर खायचा आणि मग थेट दिवस कलल्यावर सरकारी सुकडी मिळायची. "विडी वढली की पोट गप बसतंय," असं हे सांगायचे. दुष्काळ गेला, पाणी आलं, गाय आली, पण विडी काही गेली नाही. दिवसाला दोन बंडलं लागायची. बाजाराच्या दिवशी चहा-साखरेबरोबर ती मीच आणायची आणि कोनाड्यात माझ्या हातानं ठेवायची. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सासरे माझे गावातल्या त्या रस्त्यानं खाली मान घालून जायचे. ते दिवस मी बघितलेले नाहीत, ऐकलेले आहेत. आमच्या घरानं दीक्षा घेतली, मी शिकून नोकरीला लागले, ह्यांनी मान वर केली. पण मान वर केली म्हणून कुणाच्या दारात उभं राहून गप्पा मारायचा ह्यांचा स्वभाव नव्हता. घरात दिवसाला दहा शब्द बोलले तर डोक्यावरून पाणी.

तर असा हा माणूस एक दिवस म्हातारीच्या ओट्यापाशी थांबला.

म्हातारी एकटी राहायची. लिंगायत घरातली, बोलण्यात निम्मं कानडी. लेक उमरग्याला ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना घरी यायचा नाही. ह्यांनी तिला म्हणे विचारलं, "मावशी, लेकाचं काय पत्र-बित्र?" आणि ती बया सुरू झाली. मग रोजच. रोज जाताना किटली खाली ठेवायची, ओट्याच्या खांबाला हात टेकायचा आणि लेकाची खुशाली विचारायची. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारी माणूस आहे, पुण्य लागेल.

पुढच्या वर्षी हे पारावरही थांबायला लागले. पारावर बसलेल्या माणसांना विचारायचे, हरभरा कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे, सून बाळंतीण झाली का. त्यानंतर गिरणीपाशी. मग चिंचेखाली, म्हणजे घरातून निघून अजून शंभर-दीडशे पावलंसुद्धा झाली नाहीत तोवर. चिंचेखाली कुणी नसलं तर हे झाडाकडं बघत उभे राहायचे. मी दारातून बघायची आणि माझं डोकं फिरायचं. शाळेची घंटा व्हायला आलेली, भाकरी थापलेली, आणि आमचे हे चिंचेला न्याहाळतायत.

"चिंचेशी सोयरीक जमवायची हाय का?" मी एकदा विचारलं.

"बघू की," हे म्हणाले. "पोरगी काळीसावळी हाय, पण घराणं चांगलं हाय."

चिडावं की हसावं कळेना. लग्नाला वीस वर्षं होत आली होती आणि हा माणूस आत्ता थट्टा करायला शिकला होता. मी तर म्हणायची, ह्यांना म्हातारचळ लागलाय. वय कितीसं, सेहेचाळीस.

गावात मात्र ह्यांचं नाव झालं. बायका मला आडावर म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमचे मालक लई मायाळू. दारावरनं जातील पण विचारल्याबिगर जायचे न्हाईत." ज्या दारांवरून सासरे खाली मान घालून गेले त्या दारांत ह्यांना "बसा की" म्हणायला लागले. संस्थेची निवडणूक आली तेव्हा पारावरच ठरलं. आमच्या वस्तीतला माणूस त्या खुर्चीवर बसायची ही पहिली वेळ. वस्तीत साखर वाटली. माझा ऊर भरून आला, ते खोटं नाही. मी ह्यांच्या सदऱ्याला नवीन गुंड्या लावल्या आणि मनातल्या मनात ह्यांची माफी मागितली, की ज्याला आपण चळ म्हणत होतो तो ह्या माणसाचा मोठेपणा होता.

दोन्ही वेळा मी चुकले. तो चळही नव्हता आणि मोठेपणाही नव्हता, निदान तेव्हा तरी.

दिसत नव्हतं असं नाही हो, सगळं डोळ्यांसमोर होतं. शेतातून आले की मी ह्यांच्या पायावर तांब्यानं पाणी ओतायची. डावा पाय हाताला गार लागायचा. उजवा उन्हानं तापलेला असायचा आणि डावा माठासारखा. डाव्या नडगीवरचे केस गळून गेले होते, कातडी चकचकीत झाली होती. मी म्हटलं, "एकाच पायाची हजामत केलीय व्हय?" ह्यांनी हसून पाय आखडून घेतला. बोटांची नखं जाड, पिवळी झाली होती. ती बघून मी फक्त एवढंच म्हटलं की पाय घासून धुवत जा. दुसऱ्यांच्या पोरांची नखं मी रोज सकाळी रांगेत उभी करून तपासत होते.

निवडणुकीनंतर महिनाभरानं हे एकदा दुपारी ओसरीवर बसले असताना पाय दाबत होते. चालताना नव्हे, बसल्या जागी. तळव्यात ठणका मारतोय म्हणाले, करंगळीच्या मुळाशी. मी विचारलं, "कधीपासनं?" तर म्हणाले, "हाय जरा, वात हाय." वात म्हटल्यावर संपलंच. आमच्याकडं गुडघा धरला तर वात, कंबर धरली तर वात. आणि वातावर औषध म्हणजे बिब्बा. माझ्या आईनं लावला, आजीनं लावला, टाचेला भेग पडली तरी बिब्बा आणि पाय मुरगळला तरी बिब्बा. मी तशीच उठून म्हातारीकडं गेले. तिच्याकडं डब्यात असायचे. तिनं दोन चांगले टपोरे बिब्बे काढून दिले. "चिमणीवर धर, त्याल सुटंल, मग टेकव," म्हणाली. जणू मला माहीतच नव्हतं.

मी सुई खुपसून बिब्बा चिमणीच्या ज्योतीवर धरला. काळं तेल सुटलं. ते बोटानं घेऊन मी ह्यांच्या डाव्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, चार ठिकाणी लावलं. ह्यांनी डोळे मिटले होते. "चटका बसतोय का?" मी विचारलं. "न्हाय," म्हणाले, "काय कळना." मला बरं वाटलं, म्हणजे गुण येणार. माझ्या बोटाला आणि नखाला काळा डाग पडला, तो राखेनं घासला तरी निघाला नाही. बिब्ब्याचा डाग निघत नाहीच, म्हणून तर परीट त्यानं कपड्यावर खूण करतो.

दोन दिवसांनी बिब्बा उतला, म्हणजे तिथं फोड आले. आमच्याकडं बिब्बा उतला तरी कुणी घाबरत नाही. खोबरं चावून खायचं, खोबरेल लावायचं, आठ दिवसांत खपली धरते. आठ दिवस गेले, पंधरा गेले, खपली धरेना. जखम ओली नव्हती की पू नव्हता, फक्त भरत नव्हती. मग करंगळी निळी झाली. तीन आठवडे झाले तेव्हा एका सकाळी मी चिंधी सोडली तर करंगळीचं टोक काळं पडलेलं. कोळशासारखं काळं आणि सुकलेलं. मी हात लावला तर ह्यांना कळलं नाही. त्यांच्याच अंगाचं बोट आणि त्यांना कळलं नाही. शाळेत निरोप पाठवायचंही सुचलं नाही, सरळ एसटीत बसवलं आणि सोलापूर गाठलं.

डॉक्टर वयानं मोठे, तोंडानं कडक. त्यांनी काळं बोट बघितलं आणि त्याला काहीच केलं नाही, ह्याचं मला नवल वाटलं. त्यांनी बोटं ठेवली ह्यांच्या जांघेत, मग गुडघ्याच्या मागं, मग घोट्यापाशी, मग पावलावर. डोळे मिटून. एवढा वेळ लावला की मला वाटलं डुलकी लागली. मग उजव्या पायाशी तसंच. मग मला म्हणाले, "बाई, इकडं या." माझा हात धरून उजव्या पावलावर मधोमध दोन बोटं टेकवली. "काय लागतंय?"

बारीक ठोका लागत होता, टक, टक. मनगटावर लागतो तसा. पायालाही नाडी असते हे मला चाळिशीत कळलं. मग त्यांनी तीच बोटं डाव्या पावलावर तिथंच ठेवली. मी दाबलं, हलकं केलं, पुन्हा दाबलं. काहीच नव्हतं. मी लग्न झाल्यापासून ह्या पायावर पाणी ओतत होते.

"चालताना पोटरीत कळ येते?" डॉक्टरांनी ह्यांना विचारलं.

"येती."

"कधीपासून?"

"दोन-अडीच वरसं झाली असतील."

मी स्टुलावरून उठलेच. अडीच वर्षं. मला एका शब्दानं नाही.

"कळ आली की काय करता?"

"थांबतो."

"बसावं लागतं का?"

"न्हाय, हुभं ऱ्हायलं तरी जाती."

"किती वेळानं जाते?"

ह्यांनी जरा विचार केला. मग अगदी सरळपणानं म्हणाले, "आमच्याकडं एक म्हातारी हाय. तिच्या लेकाची खुशाली इचारून हुईस्तवर जाती."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढं चिंच आली, गिरणी आली, पारावरची माणसं आली. हरभरा कसा आहे, सून बाळंतीण झाली का. पहिल्या वर्षी फक्त ओटा. मग पार. मग गिरणी. मग चिंच. थांबा एकेक पायरी घराकडं सरकत आला होता आणि मी दारात उभी राहून सोयरिकीची थट्टा करत होते. गाव ज्याला माया म्हणत होतं, ज्याच्यापायी वस्तीनं साखर वाटली, ते पोटरीला रक्त न पोचल्याचं दुखणं होतं. माणसाला कुणापुढं पाय धरून उभं राहायची लाज वाटली, म्हणून तो खुशाली विचारत होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मी जसंच्या तसं सांगते. पायाला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा, रोहिण्या म्हणतात त्यांना, त्या आतून चिंचोळ्या झाल्यात. दूध न्यायची नळी रोज धुतली नाही तर आत कीट बसतं आणि भोक लहान होतं, तसं. माणूस बसलेला असताना जेवढं रक्त येतं तेवढं पुरतं. चालायला लागला की पोटरी जास्त मागते आणि तेवढं येत नाही, म्हणून कळ. थांबलं की मागणी कमी होते, म्हणून कळ जाते. हा वात नाही, सांधा नाही. दुखणं वाढत गेलं की चालण्याचं अंतर कमी होत जातं, आणि शेवटी बसल्या जागी दुखतं. "तुमचं तिथपर्यंत आलंय," ते म्हणाले. "आणि ह्याच शिरा छातीतही असतात, डोक्यातही असतात. हे पायापुरतं समजू नका."

"विडी किती?"

"दोन बंडलं."

"प्रत्येक विडी त्या शिरा आवळते. विडी किंवा पाय. दोन्ही घरी नेता येणार नाही, एकच न्या."

मग ते जखमेकडं वळले. चष्मा खाली करून बघितलं. चार काळसर ठिपके त्या तळव्यावर अजून दिसत होते. त्यांचा आवाज चढला. "हे काय आहे? बिब्बा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नुसत्या चालण्याला रक्त पुरत नाही तिथं भाजलेली जखम भरायला रक्त कुठून येणार? नुसती कातडी जगायला लागतं त्याच्या कितीतरी पट लागतं जखम भरायला. शेक नको, गरम पाणी नको, आणि हे तर जाळलंच. हे बोट बिब्ब्यानं गेलंय. आता सुकून बोटावर थांबलं तर नशीब, वर सरकलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. कुठल्या अडाणी माणसानं लावला हा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण माझ्याआधी हे म्हणाले, "म्याच लावला, सायेब."

मी माझा उजवा हात पदराखाली घेतला. हात आपोआप गेला. आणि मी गप्प राहिले. पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारी, जादूटोण्याविरुद्ध भाषणं करणारी मास्तरीण नवऱ्याला अडाणी म्हणवून घेताना बघत राहिली. डॉक्टरांनी त्यांना जे काही सुनावलं ते त्यांनी खाली मान घालून ऐकलं. ती मान सासऱ्यांची वाटली मला. माझी मलाच एवढी शिसारी आली की बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीला धरून उभी राहिले.

ह्यांना दाखल करून घेतल्यावर मी ह्यांच्यावरच चिडले. माझं हे असंच, स्वतःचं चुकलं की आधी चिडायचं. "अडीच वरसं का बोलला न्हाईत?" मी पलंगाशी बसून विचारलं.

"काय बोलायचं? पाच मिंटं थांबलं की जात हुतं. पाच मिंटाच्या दुखण्याला कोण दवाखाना दावतं?"

"आन बिब्ब्याचं खोटं का बोलला?"

त्यांनी कूस वळवली.

पाय राहणार की जाणार हे कळायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी रोज सकाळी करंगळीपासून काळं किती वर आलंय ते बघायची. डॉक्टरांनी शाईची रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या खाली आहे तोवर बोट, रेघ ओलांडली की पाय. ह्यांना विडी नव्हती म्हणून अंग थरथरायचं, येईल-जाईल त्याच्यावर खेकसायचे. शेजारच्या पलंगावरच्याकडं विडी मागताना मी एकदा पकडलं. मी त्यांचा हात धरून त्या रेघेवर ठेवला. विडी परत गेली. तिसऱ्या दिवशी मी गावाकडं शेजारणीला निरोप पाठवला की कोनाड्यातली बंडलं चुलीत घाला. तो कोनाडा मी भरत होते हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तेही राहिलंच.

काळं रेघेच्या आत थांबलं. करंगळी काढली, पाय राहिला.

घरी जाताना डॉक्टरांनी सूचना दिल्या, त्या मी वहीत लिहून घेतल्या. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. मऊ बूट. रोज पाय कोमट पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, तळवा उलटा करून बायकोनं बघायचा. नख खोल कापायचं नाही. आणि जखम पूर्ण भरली की चालायचं. रोज. कळ जोरात येईस्तोवर चालायचं, कळ आली की उभं राहायचं, गेली की पुन्हा चालायचं. असं तासभर. त्यानं आजूबाजूच्या बारक्या शिरा कामाला लागतात आणि अंतर वाढतं.

मी लिहिता लिहिता थांबले. चाल, थांब, पुन्हा चाल. ज्याच्यावरून मी दोन वर्षं ह्यांचं डोकं खाल्लं, तेच औषध म्हणून लिहून घेत होते. फक्त त्याच्यात विडी नको होती आणि बिब्बा नको होता. त्या दोन्ही गोष्टी माझ्याच हातच्या होत्या.

गावात सगळ्यांना ह्यांनी हेच सांगितलं की बिब्बा मीच लावला. खरं माहीत होतं ते एका म्हातारीला. ती आली, ओसरीवर बसली, कापलेल्या बोटाच्या जागेकडं बघून कपाळ बडवून घ्यायला लागली. "माझ्या डब्यातला दिला की गं," म्हणाली. मग मी तिला आत नेलं तर कानाशी तोंड आणून म्हणाली, "म्या कुणाला बोलले न्हाय, बाई. तू पण बोलू नगंस." तिच्या ह्या मायेनं तर मी आणखीच मेले.

जखम भरायला चार महिने गेले. मग हे कॅनव्हासचे बूट घालून चालायला लागले. मी शाळेआधी बरोबर जायची. पहिल्या दिवशी चिंचेपर्यंतच. तिथं उभं राहून ह्यांनी पहिल्यांदा पोटरीला हात लावून मला सांगितलं, "हितं धरतंय बघ." मी तिथं हात ठेवला. पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. ती सैल होईस्तोवर आम्ही दोघं चिंचेकडं बघत उभे राहिलो. वाटेनं जाणाऱ्याला ह्यांनी सरळ सांगितलं, "पायाला रगत कमी हाय, जरा थांबलोय." मला वाटलं होतं गाव हसेल. कुणी हसलं नाही. गिरणीवाल्यानं दारात बाकडं टाकलं.

दोन महिन्यांनी चिंच मागं पडली. मग गिरणी. दिवाळीच्या सुमाराला हे एका दमात पार ओलांडायला लागले आणि पहिला थांबा पुन्हा म्हातारीचा ओटा झाला. मी हे वहीत लिहीत होते, ती वही घेऊन आम्ही सोलापूरला दाखवायला गेलो.

डॉक्टरांनी पाय बघितला. पावलावर ठोका अजून नव्हता. मी घरी रोज शोधत होते, मला तो कधीच सापडला नाही. पण पाय उबदार होता आणि जखम पूर्ण बुजली होती. त्यांनी वही चाळली आणि खूश झाले. "आता हा ओटा तेवढा राहिला. असंच चाललात तर महिन्या-दोन महिन्यांत तिथंही थांबायला लागणार नाही."

"तिथं थांबायलाच लागंल, सायेब," हे म्हणाले.

"का? कळ आली नाही तरी?"

"ती वाट बघती."

दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसापासून मी ह्यांच्या सगळ्या चौकशा खोट्या ठरवून बसले होते. आणि मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर आता कधीच नाही. "डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "तो बिब्बा ह्यांनी लावला नव्हता. मी लावला. मी शाळेत शिकवते. विड्याही मीच आणून देत होते."

हे खाली बघायला लागले. डॉक्टरांनी वही मिटली.

"मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुमचा हात धरून मी नाडी दाखवली. तुमच्या बोटाचं नख काळं होतं. ह्यांची सगळी नखं मी बघितली, पायाचीसुद्धा. त्यांच्या हाताला एक ठिपका नव्हता."

त्यांनी अडाणी म्हटलं होतं ते मलाच म्हटलं होतं. हे मधे येऊन उभे राहिले म्हणून पुढचं त्यांनी ह्यांच्याकडं बघून सुनावलं, एवढंच. मी तो हात पदराखाली घेताना त्यांनी बघितलं असणार, आणि एवढे आठ-नऊ महिने डॉक्टर ते मनात धरून होते. ते पुढच्या पेशंटला हाक मारेपर्यंत मी उभीच होते.

बाहेर पडलो. एसटी स्टँडकडं चालत निघालो. वाटेत हे मधेच थांबले. मला वाटलं कळ आली, मी पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले. पण त्यांचा हात पोटरीकडं गेला नाही. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि उजेडाकडं करून बोट बघितलं. नख वाढत वाढत गेलं होतं आणि काळा भाग मी कधीच कापून टाकला होता. नख स्वच्छ होतं.

"गेला की डाग," ते म्हणाले. आणि चार बोटांच्या पायानं पुढं चालायला लागले.